नकाशात नसलेली पाईप

तीन आठवडे माझं मॉडेल एकाच ओढ्यावर अडून बसलं होतं. पंचगंगेचं खोरं आम्ही ‘स्वॅट’मध्ये, म्हणजे खोऱ्यातल्या पाण्याचा आणि खतांचा हिशेब करणाऱ्या संगणक-मॉडेलमध्ये, मांडलं होतं: पाऊस, माती, उतार, ऊस, खताचे हप्ते. बाकीच्या ठिकाणी आकडे बरे जुळत. शिरोळ तालुक्यातल्या या ओढ्यात मात्र फेब्रुवारीत नायट्रेट, म्हणजे खतातल्या नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप, मॉडेलच्या कितीतरी पट भरायचं. मातीच्या नकाशात इथली जमीन काळी, चिकण, पाणथळ. अशा मातीत हवा खेळत नाही आणि जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. म्हणजे ओढ्यात फारसं उतरायलाच नको.

शेवटी मी तो वायू होण्याचा गुणांकच जवळजवळ शून्यावर आणला. आलेख जुळला, सरही खूश झाले. मला मात्र उत्तर आधी लिहून रीत मागून जमवल्यासारखं वाटत राहिलं. म्हणून त्या महिन्याचे नमुने घ्यायला स्वतःच गेले.

ओढ्याच्या काठाने चालताना पाण्याचा आवाज आला. पाऊस नाही, शेजारी कुठे मोटार चालू नाही, आणि बांधाच्या पोटातून एक पाईप नितळ पाणी सोडत होती. वरच्या खोडव्यात आबा पाणी पाजत होते. त्यांना विचारलं.

“निचऱ्याची पाईप हाय ताई. समद्या रानाखालनं भोकाच्या पाईपा हायत्या. मीठ फुटलं हुतं रानात, कोंबसुदा येत नव्हता.”

नायट्रेटची पट्टी बुडवली. मिनिटभरात ती ५० च्या खुणेइतकी गुलाबी झाली. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आबांनी बादली दिली. १५ लिटरची बादली १५ सेकंदांत भरली.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. सेकंदाला एक लिटर म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर. नायट्रेटमधला निव्वळ नायट्रोजन काढायचा तर ४.४३ ने भागायचं. दिवसाला साधारण एक किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात तो २०.७ किलो असतो.

“आबा, हेच पाणी असंच चालू राहिलं तर तीन आठवड्यांत एक पोतं ओढ्याला.”

आबा पाईपकडे बघत राहिले. “मीठ जावं म्हणून पाईप घातली. तर युरिया बी त्याच वाटंनं चाललाय व्हय?”

चाललाच होता. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाणी जाईल तिकडे जातं. रान निचरलं तशी मातीत हवा आली, वायू होणं कमी झालं, आणि उरलेल्याला थेट ओढ्याची वाट मिळाली. पाईपने रान वाचवलं हे खरंच. आबांना ती बुजवायला सांगायची माझी काय टाप!

खरी शरम वेगळीच. स्वॅट अमेरिकेत तयार झालेलं. तिकडे मक्याच्या पट्ट्यात शेताखाली अशाच नळ्या मैलोनमैल आहेत, म्हणून त्यात निचऱ्याच्या पाईपची सोय आहे. खोली, पाणी उतरायला लागणारे तास, सगळे रकाने. ‘हे आपल्याकडे कुठलं’ म्हणून मीच ते कोरे सोडले होते.

“किती खोल आहे हो?”

आबांनी हात कमरेवर ठेवला. “साडेतीन फूट धरा.”

१०६७ मिलिमीटर, मी लिहून घेतलं. मग आणखी कुणाकुणाच्या रानात पाईप आहे ते विचारलं. आबा बांधावर उभे राहून एकेक रान दाखवू लागले आणि माझं पान पुरेना.