‘सा’मधून आलेला परका आवाज

गिरगावातल्या एका गायनवर्गासाठी मी सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वरसाधनेचा एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. त्यात ध्वनीची एकही फाईल नव्हती, कारण बाईंना पट्टी मनाप्रमाणे बदलायची होती आणि गांधार हार्मोनियमचा नको होता. काळी एकचा षड्ज २७७.१८ हर्ट्झ धरला, तर हार्मोनियमचा गांधार ३४९.२३ वर येतो आणि ५:४ या गुणोत्तराचा ३४६.४८ वर, तयार कानाला एवढा फरक खुपतो. म्हणून प्रत्येक स्वर मेमरीतच घडवायचा, म्हणजे सेकंदाला ध्वनिलहरीचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी २ बाइट, आरंभी ध्वनीचा साचा सांगणारे ४४ बाइटांचे वेव्ह हेडर, आणि हा सगळा अ‍ॅरे, म्हणजे मेमरीतली सलग आकड्यांची रांग, विंडोजच्या आवाज वाजवणाऱ्या प्लेसाउंड फंक्शनच्या हवाली करायची. आठ सेकंदांचा स्वर ७,०५,६४४ बाइटांचा होत असे. स्वर तुटताना येणारा ‘टक्’ शेवटच्या १० मिलिसेकंदांत पातळी उतरवून घालवला होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो.

एका सकाळी बाईंचा फोन आला, “अहो, तुमच्या ‘सा’मध्ये मुली गातायत!”

अंधेरीच्या ऑफिसात दुपारपर्यंत प्रोग्रॅम चालवूनही काही बिघडले नाही. शेवटी लोकलने चर्नी रोडला उतरून वर्गावर गेलो. एक मुलगी माइकसमोर गात होती. स्पीकरमधला षड्ज पाचेक सेकंद स्थिर राहिला, मग क्षणभर शांतता पसरली आणि त्यातून तिचाच थोड्या वेळापूर्वीचा आवाज आला. माइकचा आवाज स्पीकरवर फिरतो आहे असे समजून मी हेडफोन लावले, तरी तेच.

उलगडा केला तो त्या क्षणभराच्या शांततेने. प्लेसाउंडला मी ‘वाजव आणि लगेच परत ये’ असे सांगितले होते. ते परतताच माझे फंक्शन संपे आणि अ‍ॅरे धरून ठेवणारे कुणीच उरत नसे. गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेच्या लेखी ती जागा मोकळी होती, साउंड कार्डापर्यंत नमुने पोचवणारा विंडोजचा कोड मात्र अजून तिथूनच वाचत होता. माइकमधून येणारा मुलीचा आवाजही त्याच प्रोग्रॅममध्ये सेकंदासेकंदाने, ८८,२०० बाइटांच्या नव्या अ‍ॅरेत साठत होता आणि त्यातला एखादा नेमका त्याच जागी जाऊन बसे. नवा अ‍ॅरे आधी शून्यांनी भरलेला असतो, म्हणून शांतता. मग त्यात माइकचे नमुने उतरत, म्हणून गाणे. दोन्हींचा साचा एकच असल्यामुळे खरखर न होता स्वच्छ आवाज आला. माझ्या ऑफिसातल्या मशीनला माइकच नव्हता, हे मला तिथे बसल्यावर आठवले आणि जरा ओशाळलो.

दुरुस्ती चार ओळींची निघाली: फंक्शन संपले तरी टिकावा म्हणून अ‍ॅरे क्लासच्या फील्डमध्ये ठेवला, मेमरीतली जागा हलू नये म्हणून पिन केला, आणि पुढचा स्वर लावताना आधीचे वाजणे थांबवल्यावरच तो सोडायचा असे केले. त्यानंतर तासभर मुली गात राहिल्या आणि स्पीकरमधून नुसता षड्ज येत राहिला. बाईंनी डोळे मिटून तो ऐकला आणि म्हणाल्या, “आता गांधार लावा.”