केर्न्सच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाणी

सोलापूरची गड्डा यात्रा आटोपली आणि पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन मी बहिणीकडे निघाले. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, तिथून सिंगापूरला विमान बदलून ऑस्ट्रेलियातलं केर्न्स. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर होतीच. विमानतळावरच्या फॉर्मात खाण्याची प्रत्येक वस्तू लिहा. लपवलं तर जबर दंड होतो. आम्ही लिहिलं, त्यांनी पाकिटं पाहून परत दिली.

उजनी धरणाच्या टक्केवारीकडे डोळे लावून बसणारी आपण माणसं, समुद्र दिसला की पाय थांबत नाहीत. ट्रिनिटी बीचवर उतरताच आईनं साडी जरा वर खोचली. "खोल कुठं जातेय, चंद्रभागेत घेते तसं पायावर पाणी घेते फक्त." बहिणीनं तिचा दंडच धरला.

पोहता येत नाही म्हणून आपण कडेकडेनं राहतो आणि तेच सुरक्षित मानतो. इथं नेमकं उलटं आहे. बॉक्स जेलीफिश या विषारी डंखाच्या, पारदर्शक समुद्री जीवाची सगळ्यात घातक जात, कायरोनेक्स फ्लेकेराय, खोल समुद्रात नाही तर किनाऱ्याला लागून, नदीच्या मुखाजवळ, शांत आणि उथळ पाण्यात फिरते. लाटा उसळत असतील तर ती लांब राहते. पाणी आरशासारखं निवांत झालं की कडेला येते, कारण तिचं खाणं, म्हणजे लहान कोळंबी आणि मासळी, तिथंच असतं.

तिचा जन्मही खाडीतला. इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, ती काही मिलिमीटरच्या पॉलिपच्या, म्हणजे बाल-अवस्थेच्या रूपात दगडांच्या खालच्या बाजूला चिकटून असते. पाणी तापलं की त्या एका पॉलिपची एकच जेलीफिश बनते आणि खाडीतून समुद्राकडे सरकते. म्हणून नोव्हेंबर ते मे हा इथला धोक्याचा हंगाम. आपली शाळेची उन्हाळी सुट्टी त्यातच अर्धीअधिक येते, तेव्हा जमलं तर जून ते ऑक्टोबर निवडा.

त्या सकाळी दोन लाइफगार्ड कमरेइतक्या पाण्यातून बारीक जाळं ओढत चालले होते. त्यांच्या बादलीत वाकून पाहिलं तर आधी मला नुसतं पाणीच दिसलं. मग तळाशी सावली हलली, आणि त्या सावलीवरून वरची चौकोनी, काचेसारखी घंटा, म्हणजे तिचं घंटेसारखं अंग, कळली. चार कोपऱ्यांतून धागे लोंबत होते. पूर्ण वाढ झाली की एका कोपऱ्याला 15 पर्यंत, एकूण 60, आणि एकेक तीन मीटरपर्यंत लांब. डोळे 24! आई बराच वेळ बादलीपाशी उभी होती. नंतर तिनं साडी सोडली आणि वाळूत बसली.

20 जानेवारी 1955 ला केर्न्सच्या दक्षिणेला कार्डवेल इथं पाच वर्षांचा मुलगा उथळ पाण्यात डंख होऊन दगावला. डॉ. ह्यूगो फ्लेकर यांनी तिथं जाळी टाकायला लावली, तेव्हा ही जात हाती लागली. पुढच्या वर्षी त्यांचंच नाव तिला मिळालं. ग्लॅडस्टोनपासून उत्तरेकडून वळसा घेत पश्चिमेच्या एक्समाउथपर्यंत तिचा वावर आहे. तिच्या भावंड-जाती थायलंड, फिलिपिन्स, ओकिनावाकडेही आहेत, त्यामुळे थायलंडच्या सामुई-फांगान बेटांवर जाणाऱ्यांनीही हे वाचावं.

हंगामात समुद्रात उतरायचंच असेल तर जाळी लावलेल्या भागातच, लाइफगार्ड हजर असताना आणि लायक्राचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाचा अंगभर सूट घालून. जाळी मोठ्या जेलीफिशला अडवते. इरुकांजी नावाची नखाएवढी जात तिच्यातून आत येऊ शकते. तिचा डंख आधी क्षुल्लक वाटतो, अर्ध्या तासानं पाठ-पोट पिळवटून निघतं, घाम सुटतो, उलट्या होतात. म्हणून "काही नाही, मुंगी चावली असेल" म्हणून मुलांना गप्प करू नका.

किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या अडकवलेल्या असतात. पोहोचल्यावर आधी तो खांब शोधून ठेवा. डंख झाला तर माणसाला बाहेर काढा, 000 या इथल्या आपत्कालीन नंबरला फोन करा, निदान 30 सेकंद व्हिनेगर ओता. चोळू नका, गोडं पाणी टाकू नका. व्हिनेगरनं वेदना थांबत नाही, पण न फुटलेल्या डंखपेशी फुटायच्या थांबतात. श्वास थांबला तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन. कायरोनेक्सचं विष काही मिनिटांत हृदय बंद पाडू शकतं. सीपीआर सोलापुरातच शिकून निघा.

आईसाठी तोडगा शहरातच निघाला. केर्न्सच्या एस्प्लनेडवर समुद्राला लागून खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव आहे, गाळलेलं पाणी, प्रवेश फुकट. तिथं ती रोज संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभी राहायची, ओंजळीनं पायावर पाणी घ्यायची आणि मग वर भाकरी-चटणी खायला यायची.