यंदा नक्की

रात्री साडेआठला आमच्याकडे पानं मांडली जातात आणि नेमकी तेव्हाच युरोपातल्या सायकल शर्यतीची शेवटची चढण लागते. त्यामुळे मी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून जेवतो. आई वाढता वाढता त्यात डोकावते आणि विचारते, "तुझा तो जिंकला का रे?"

तो म्हणजे मिकेल लांदा. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मुर्गियाचा, 1989 चा जन्म. आणि नाही, तो जिंकत नाही. अगदीच नाही असं नाही म्हणा. इटलीच्या जिरो शर्यतीत त्याने तीन टप्पे, म्हणजे एकेका दिवसाच्या शर्यती, मारलेत, 2015 आणि 2022 मध्ये एकूणात तिसराही आलाय. पण तीन आठवड्यांची मोठी शर्यत? एकही नाही.

स्पेनला जिंकणाऱ्यांची वाण नाही. इंदुराइनने 1991 पासून ओळीने पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकली, व्हाल्वेर्दे अडतिसाव्या वर्षी विश्वविजेता झाला. लोक त्यांना मान देतात. इंटरनेटवर पंथ मात्र निघाला लांदाचा, 'लांदिस्मो' नावाचा. पंथाचा मंत्र एकच: यंदा नक्की.

2017 च्या टूरमध्ये तो संघाचा म्होरक्या ख्रिस फ्रूमचा मदतनीस होता. पायांत दम मालकापेक्षा जास्त दिसायला लागला, तशी 'लांदाला मोकळं सोडा' अशी हाकाटी सुरू झाली. कोण सोडतंय! 3,540 किलोमीटर आणि 86 तासांवर सायकल हाकून तो चौथा आला. तिसऱ्या बार्देपेक्षा एक सेकंद मागे. गरम पोळीवर तूप ओढायलाही एक सेकंद पुरत नाही हो.

चढावर बाकीचे हँडलची वरची दांडी धरून बसतात. हा वाकून खालच्या, वळलेल्या टोकांना धरतो, उतारावर असल्यासारखा. हात खाली गेले की जगभरचे लांदिस्ते एकदम जागे होतात. पुढे बहुधा काही होत नाही, पण ती पाच मिनिटं काय असतात! ही निव्वळ थट्टा आहे असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. थट्टेपायी कुणी वरण गार होऊ देत नाही.

नशीबही असं, की 2021 च्या जिरोत पाचव्याच दिवशी पडून गळपट्टीचं हाड मोडलं. 2025 ला तर पहिल्याच दिवशी, अल्बानियातल्या तिरानात, मणक्याला फ्रॅक्चर. त्या रात्री विनोद करायचं कुणाला सुचलं नसावं. मला तरी नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात गडी स्पेनच्या व्हुएल्टात हजर. सोळाव्या टप्प्यात कोलंबियाचा बेर्नाल आणि तो, दोघंच पुढे. तेवढ्यात वाटेतल्या पॅलेस्टाईन-समर्थक निदर्शकांमुळे शेवटची रेषा आठ किलोमीटर अलीकडे आणल्याचं जाहीर झालं, म्हणजे शेवटची चढणच गेली. उरली दोघांची झटापट. बेर्नाल पहिला.

"जिंकला का रे?"

"दुसरा आला."

"मग चांगलं आहे की," आई म्हणाली. "भात घेणार ना?"