तोंडावर गाणारी लोरेटा

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या कंट्री संगीतात रडणाऱ्या बायकांची गाणी खूप आहेत. तो गेला, मी वाट बघते, परत आला तर माफ करीन. त्याच संगीतातली गायिका लोरेटा लिन ऐकायला लागले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते हे, की ही बाई हवेत गात नाही. तिच्या गाण्यात कुणीतरी समोर उभं असतं आणि ती त्याच्याशी बोलत असते. बहुतेक वेळा तो नवरा असतो.

'डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन' घ्या. रात्री उशिरा झोकांड्या खात आलेल्या नवऱ्याला ती सांगते, पिऊन आलास तर माझ्या जवळ यायचं नाही. एवढंच गाणं. बहीण पेगी सू हिच्यासोबत तिने ते लिहिलं, आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये ते अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. लोरेटाचं पहिलंच नंबर वन. तेव्हा ती ३४ वर्षांची होती, सहा मुलांची आई. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईने ओवीत नवऱ्याची, सासूची गाऱ्हाणी गायली ती घर झोपेत असताना, पहाटे, दगडाच्या घरघरीच्या आडून. लोरेटाने तेच रेडिओवर गायलं, आणि नवरा ऐकतोय हे माहीत असताना गायलं.

नवऱ्याचं नाव ऑलिव्हर लिन, पण सगळे त्याला डूलिटल किंवा नुसतं डू म्हणत. गावच्या एका कार्यक्रमात मुलींनी घरून केलेले 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, लिलावात विकायचे होते. लोरेटाने साखरेऐवजी मीठ घातलं होतं, आणि तो खारट 'पाय' डूने घेतला. महिन्याभरात लग्न झालं, जानेवारी १९४८ मध्ये. आत्मचरित्रात तिने लग्नाच्या वेळी आपण १३ वर्षांचे होतो असं लिहिलं होतं. २०१२ मध्ये पत्रकारांनी जन्मदाखला शोधून काढला तेव्हा ती १५ वर्षांची होती हे कळलं. काही लोकांना यात मोठी लबाडी दिसली. मला नाही दिसत. पंधरा वर्षांची मुलगी, पोटात बाळ, आणि नवऱ्याच्या मागोमाग देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी. आईपासून हजारो किलोमीटर दूर. यात दोन वर्षांनी काय कमी होतं?

कस्टरमध्ये ती लोकांच्या घरी राबली, शेतात राबली, पोरं वाढवली. चालीवर पाळणे म्हणायची ते डूने ऐकलं आणि १९५३ मध्ये सिअर्स रोबक या दुकानातून १७ डॉलरची हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली. शिकवायला कोणी नव्हतं, ती स्वतःच शिकली. पुढे गावातल्या बारमध्ये गायला उभं राहायचं तेही डूनेच ठरवलं. १९६० मध्ये 'आय ॲम अ हॉन्की टॉन्क गर्ल' ही पहिली रेकॉर्ड निघाली. कंपनी इतकी लहान की जाहिरातीला पैसा नाही. मग दोघांनी गाडी काढली आणि एकेका रेडिओ स्टेशनच्या दारात जाऊन रेकॉर्ड वाजवायची विनंती केली. जेवण म्हणजे सँडविच, झोप गाडीतच. गाणं देशाच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि त्याच ऑक्टोबरात ती नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभी होती.

हाच डू प्यायचा, बाहेर भानगडी करायचा आणि हातही उचलायचा. तो एक मारायचा तेव्हा मी दोन मारायचे, असं ती म्हणायची. हे वाचताना मला हसू येत नाही. सुटून जाण्याचे मार्ग तिच्याकडे होते, पैसा तर त्याच्याहून तिचाच जास्त होता, तरी ती तिथेच राहिली. १९९६ मध्ये तो गेला, त्याआधीच्या आजारपणात कार्यक्रम बंद ठेवून तिनेच त्याचं केलं. आणि तिचं निम्मं लिखाण याच माणसावरचं आहे. तिला स्त्रीवादाची पताका हातात देणारे लेख मी वाचलेत, आणि ते लिहिणाऱ्यांची अडचण होते ती इथेच. तिने लग्नाबाहेर येऊन लग्नावर बोट ठेवलं नाही. ती आत उभी राहून बोलली. म्हणून तिचं ऐकणाऱ्या बायकाही आत उभ्या असलेल्याच होत्या.

एकदा कार्यक्रमाआधी अशीच एक बाई तिच्याकडे रडत आली. नवरा प्रेक्षकांत दुसरीला घेऊन बसलाय म्हणाली. लोरेटाने पडद्याआडून त्या दुसरीकडे पाहिलं आणि म्हणाली, हिच्यात एवढा दम नाही की तुझा माणूस नेईल. मग आत जाऊन तेच लिहून काढलं. ते गाणं 'यू एन्ट वुमन इनफ'. १९६८ मधलं 'फिस्ट सिटी' तर डूच्या मागे लागलेल्या एका खऱ्या बाईलाच दिलेली धमकी आहे, माझ्या वाटेतून बाजूला हो नाहीतर ठोसे खाशील. 'डिअर अंकल सॅम' हे पत्र आहे, व्हिएतनामला धाडलेल्या नवऱ्याच्या बायकोने थेट सरकारला लिहिलेलं. 'रेटेड एक्स' मध्ये घटस्फोट घेतलेल्या बाईकडे गाव कसं बघतं ते आहे.

आणि 'द पिल'. गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं. १९७२ मध्ये रेकॉर्ड केलं, पण कंपनी ते बाहेर काढायला धजेना, १९७५ मध्ये काढलं. खुराड्यातल्या कोंबडीच्या भाषेत बायको नवऱ्याला सांगते, दरवर्षी अंडी उबवणं आता बंद, माझ्याकडे गोळी आहे. कित्येक रेडिओ स्टेशनांनी वाजवायला नकार दिला. तरी कंट्री यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. विशीच्या आसपास चार मुलांची आई झालेली बाई हे गात होती. माझ्या वेळी या गोळ्या असत्या तर मी पॉपकॉर्नसारख्या खाल्ल्या असत्या, असं तिने सांगून टाकलं होतं. डोंगराळ, आडगावच्या भागातले डॉक्टर तिला भेटून सांगत की आमच्या माहितीपत्रकांनी जे झालं नाही ते तुझ्या गाण्याने झालं. मला हे अगदी पटतं. पत्रक भिंतीवर राहतं. गाणं भांडी घासताना तोंडात येतं.

आता ज्या गाण्यामुळे मी तिची झाले त्याबद्दल. 'कोल मायनर्स डॉटर', १९७०. या गाण्यात ती कुणाशी भांडत नाही, फक्त आपलं घर सांगते. पूर्व केंटकीच्या डोंगरांत व्हॅन लिअर हे कोळसा कंपनीने वसवलेलं गाव, आणि तिथून वर एका घळीत बुचर हॉलो. आठ भावंडं, लोरेटा दुसरी. वडील मेल्विन वेब, ज्यांना टेड म्हणत, रात्री खाणीत आणि दिवसा मक्याच्या शेतात. आई घासपाटीवर कपडे घासते, बोटांतून रक्त येतं. थंडीत डुक्कर विकून आलेल्या पैशांतून सगळ्यांना टपालाने बूट मागवायचे, उन्हाळ्यात अनवाणी. आई रात्री रॉकेलच्या दिव्यापाशी बायबल वाचते. मूळ गाणं याहून बरंच लांब होतं, निर्माता ओवेन ब्रॅडली याने कडवी कमी करायला लावली. ती कडवी वाचायला मी काहीही दिलं असतं.

माझे बाबा वर्धा नदीच्या पट्ट्यातल्या भूमिगत खदानीत लोडर होते. कोळसा फावड्याने टबात भरायचा, हे काम. रात्रपाळी करून आले की थोडी झोप काढून ते आजोबांच्या वावरात जायचे, कारण लोडरच्या पगारात सात माणसं भागत नव्हती. किती चोळून अंघोळ केली तरी पापण्यांच्या कडेला काळं राहायचंच, काजळ घातल्यासारखं. खदानीतल्या माणसाच्या मुलीने आपल्या घरावर लिहिलेलं गाणं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि त्यात रात्रपाळीनंतरचं शेत होतं! दयेची याचना कुठेच नव्हती. गरिबी होती, ती सांगितली, आणि बापाचा अभिमान त्याच दमात सांगितला.

टेड वेब १९५९ मध्ये गेले, जेमतेम पन्नाशी ओलांडलेले. लेकीची एकही रेकॉर्ड त्यांनी ऐकली नाही. खाणवाल्यांची ती पुढेही राहिली. ३० डिसेंबर १९७० ला केंटकीतच हायडन गावाजवळच्या खाणीत स्फोट होऊन ३८ कामगार मेले, तेव्हा त्यांच्या पोरांसाठी लोरेटाने लुईव्हिलमध्ये मदतीचा मोठा कार्यक्रम केला. तिच्या मानसन्मानांची यादी लांब आहे. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्यावरच्या १९८० च्या सिनेमात तिची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं. २०१३ मध्ये तिला राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्य पदक मिळालं. पण मला हायडनसाठीचा तो कार्यक्रम या सगळ्याच्या वर वाटतो.

४ ऑक्टोबर २०२२ ला टेनेसीतल्या हरिकेन मिल्स इथल्या आपल्या घरी ती गेली, ९० वर्षांची होऊन.

ऐकायला सुरुवात करायची तर उलटीकडून करा, असं मी सुचवीन. २००४ चा 'व्हॅन लिअर रोझ' हा अल्बम आधी लावा. रॉक संगीतातला जॅक व्हाइट, तिच्या मुलांहूनही लहान, त्याने तो बनवला, आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाले. त्यात 'फॅमिली ट्री' नावाचं गाणं आहे. एक बाई पोरांना काखोटीला मारून, कुत्रा आणि थकलेली बिलं सोबत घेऊन, नवऱ्याला नादी लावणाऱ्या बाईच्या दारात जाते आणि पोरांच्या बापाला बाहेर आण म्हणते. अल्बम आला तेव्हा लोरेटा ७२ वर्षांची होती. ते झालं की लगेच 'फिस्ट सिटी' लावा, आवाजात काय बदललं आणि काय नाही ते तुम्हीच ऐका.