सात पुटं

आजी गेली त्याला तीन वर्षं झाली, पण तिची आमसुलं अजून संपलेली नाहीत. ठाण्याच्या आमच्या स्वयंपाकघरात मधल्या फळीवरच्या चिनी मातीच्या बरणीत आहेत. काळी कुळकुळीत, कडांना मीठ फुटलेली. आता टाकून द्या म्हटलं, की आई थेट आजीच्या आवाजात म्हणते, "काय जाता तेका? मीठ आसा मां!"

कोकणात मिरवतो तो आंबा. पेटी त्याची, गवत त्याचं, भावाची चर्चाही त्याचीच. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, बापडा एप्रिल-मेमध्ये झाडाखाली सडा घालून गप्प पडलेला. आजीचा जीव त्याच्यावर. फळ फोडायचं, गर आणि बिया मीठ घालून भांड्यात, सालं खळ्यात उन्हाला. भांड्यात रस सुटला की सालं त्यात बुडवायची, पुन्हा वाळवायची. हे एक पूट. अशी आजी सात द्यायची, तेव्हा कुठे सालांची सोलं, म्हणजे आमसुलं, व्हायची. उरलेल्या रसाचं आगळ. बियासुद्धा वाळवून, कुटून, उकळायची आणि वर आलेल्या तेलाचे गोळे करून ठेवायची, भेगाळलेल्या टाचांसाठी. सगळ्या वाडीच्या टाचा बऱ्या झाल्या. तिच्या तशाच राहिल्या.

आजोबा परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला आणि मनीऑर्डर बंद पडली. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत ते वर्षभर मुंबईतच थांबले, मग ट्रंक घेऊन घरी आले. आई तेव्हा नववीत. त्या मे महिन्यात खळं पुरलं नाही. पडवी, ओटी, गोठ्याचं छप्परसुद्धा लाल झालं होतं, असं ती सांगते. टोपली डोक्यावर घेऊन आजी कुडाळच्या बाजाराला जायची. आईची पुढची वह्या-पुस्तकं त्यातूनच आली. मी एकदा आजीला त्या दिवसांबद्दल विचारलं होतं. थोडा वेळ आठवल्यासारखं करून म्हणाली, "त्या वर्सा सोलां बरी झाली."

प्रेमळ वगैरे ती होती, पण तोंड फाटकं. सालांवर पाय पडला की "मेल्यांनू, डोळे खंय आसत?" आणि तासाभराने त्याच मेल्यांच्या हातात सरबताचे पेले. आईला अशी सातही पुटं बसली. आम्हाला मे महिन्याच्या सुट्टीतली दोन, फार तर तीन. फरक दिसतोच.

परवाच्या रविवारी घरातली सोलं संपली होती म्हणून मी बांगड्याच्या तिखल्यात त्या बरणीतली चार टाकली. आईने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्या बरणीतली?"

मी मान हलवली. ती काही बोलली नाही. सोल ताटाच्या कडेला काढून ठेवलं आणि सगळं जेवण झाल्यावर, हात धुवायला उठण्याआधी, सावकाश चोखून खाल्लं.

संध्याकाळी बघते तर बरणी सर्वांत वरच्या फळीवर गेलेली. तिथे स्टुलाशिवाय माझा हात पोचत नाही.