साइक्स आडनावाची खोदाई : 1837 च्या मागे

मागच्या नोंदीत 1841 च्या जनगणनेपर्यंतची साइक्स घराणी लावून झाली होती. तिथून मागे सरकायला घेतलं आणि गाडी बैलगाडीच्या चालीवर आली. इंग्लंडात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासूनची. त्याआधी सगळी भिस्त चर्चच्या वह्यांवर. वह्या ठेवायचा हुकूम 1538 चा असला, तरी काय लिहायचं आणि किती लिहायचं हे पाद्रीबुवांच्या मर्जीवर.

नव्याने येणाऱ्यांसाठी, साइक्सच का? दख्खनच्या माळरानावर पक्षी बघणाऱ्यांना साइक्सचा चंडोल माहीत असतो. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो कर्नल विल्यम हेन्री साइक्स 1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला. लोक, पिकं, पाऊस, पाखरं, मासे, जे दिसेल ते त्याने टिपलं. या चंडोलाला 1832 मध्ये त्याने शास्त्रीय नाव दिलं त्यात चक्क 'देवा' आहे. हा गृहस्थ 1790 मध्ये यॉर्कशायरात, ब्रॅडफर्डजवळ जन्मला. आपल्या पाखरांची बारशी करणाऱ्याचं घराणं कुठलं, एवढंच बघायचं होतं. आता निम्मं वेस्ट रायडिंग, म्हणजे यॉर्कशायरचा पश्चिम भाग, माझ्या एक्सेलमध्ये बसलंय.

आडनावाचा उगम सोपा आहे. उत्तर इंग्लंडात 'साइक' म्हणजे बारीक ओहोळ, बऱ्याचदा दोन शेतांच्या हद्दीवरचा. त्याच्या काठी राहणारा तो 'डेल साइक', म्हणजे ओहोळाकडचा. एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटिश सरकारी नकाशा खात्याचे) मैलाला सहा इंच मापाचे नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट बघता येतात. हडर्सफील्डच्या वर कोल्न नदीच्या खोऱ्यात स्लेथवेट (स्थानिक उच्चार 'स्लॉविट') आणि मार्सडेनच्या उतारांवर झूम करून बघा. असे ओहोळ इतके, की प्रत्येकाकाठी एक वेगळं साइक्स घराणं उगवलं असेल असंच कुणालाही वाटावं. आडनावांचे जुने अभ्यासकही तसंच धरून चालत.

त्याला धक्का दिला तो 2000 साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी. जनुकशास्त्रज्ञ, आणि स्वतःच साइक्स! बापाकडून मुलाकडे आडनाव जातं तसंच वाय गुणसूत्रही जातं, म्हणून त्यांनी 48 साइक्स पुरुषांचे नमुने तपासले. जवळजवळ निम्म्यांचा वाय नमुना एकच निघाला, आणि त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत तो सापडला नाही. निष्कर्ष असा काढला की मूळपुरुष एकच, साधारण सातशे वर्षांपूर्वीचा. मग उरलेले निम्मे? तर पिढीमागे सरासरी 1.3 टक्के वेळा आडनाव आणि रक्त यांची फारकत झाली, असा हिशोब. यात अनौरस संतती आली, तसंच दत्तक, सावत्र बापाचं नाव, आईकडून आलेलं आडनाव हेही आलं.

हा निष्कर्ष मला पूर्ण पटलेला नाही. एक तर वाय गुणसूत्रावरच्या तपासलेल्या खुणा (जुळवून बघायच्या जागा) फक्त चार होत्या. आज हौशी माणूससुद्धा 37 किंवा 111 खुणांची चाचणी करून घेतो. दुसरं म्हणजे, एका घराण्याचा वंश फोफावला आणि बाकीचे खुंटले, तरी आकडे साधारण असेच दिसतील. एकच मूळपुरुष होता यापेक्षा एकच घराणं तगलं, हे मला जास्त संभवनीय वाटतं. किंग आणि जॉबलिंग या जनुकशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये चाळीस आडनावं तपासली, त्यात आडनाव जितकं दुर्मीळ तितकं वाय नमुन्यांचं साम्य जास्त निघालं. स्मिथ मंडळींत ते जवळपास नाहीच. साइक्स दुर्मीळ नाही, म्हणूनच ते इतकं एकजिनसी निघणं विलक्षण आहे, हे मात्र मान्य.

कागदावर याचा ताळा घ्यायचा तर दोन साधनं. वेकफील्ड जहागिरीच्या न्यायदप्तराच्या गुंडाळ्या 1274 पासूनच्या आहेत. त्यात गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली, परवानगीशिवाय लाकूड तोडलं, असल्या दंडांच्या नोंदी आणि त्यातून डोकावणारी माणसं. दुसरं, 1379 ची डोईपट्टी, म्हणजे माणशी बसवलेला कर. वेस्ट रायडिंगच्या याद्या चांगल्या शाबूत आहेत. गावाचं नाव, खाली ओळीने माणसं, पुढे 'आणि बायको', पुढे चार पेन्स. साध्या माणसाला तेवढीच पट्टी. कारागीर असला तर धंदाही लिहिलेला असतो. सध्या या याद्यांतून 'डेल सिक', 'डेल साइक्स' उचलून गावागावानं नकाशावर ठिपके टाकतोय.

मधली गाळलेली जागा मोठी आहे आणि तिथेच खरी डोकेदुखी. स्लेथवेटमध्ये एका पिढीत इतके जॉन साइक्स, की शेजाऱ्यांनीच त्यांना बापाच्या नावाने ओळखायला सुरुवात केली. 'जो ओ' बिल्स', म्हणजे बिलचा जो. गरज पडली तर आजाही जोडायचा. ही पद्धत त्या डोंगरात इतकी मुरली होती की शेजारच्या सॅडलवर्थच्या माळावर एका खानावळीला लोक 'बिल्स ओ' जॅक्स' म्हणत. वहीत मात्र नुसताच जॉन साइक्स.

यावर उतारा म्हणजे डेड पद्धतीच्या वह्या. विल्यम डेड नावाच्या यॉर्कशायरच्या पाद्र्याने 1770 च्या दशकात तपशीलवार नोंदींचा नमुना घालून दिला. मूल कितवं, जन्म कधी, बाप्तिस्मा कधी, बापाचा धंदा आणि गाव, बापाचा बाप कोण, आई कोणाची मुलगी. एका ओळीत तीन पिढ्या! ज्या गावात हा नमुना पाळला गेला तिथे एका बैठकीत घराणं लागतं. पण मोठ्या वस्तीच्या पाद्र्यांना एवढं लिहायचा कंटाळा, आणि 1813 मध्ये छापील तक्ते आल्यावर सगळ्यांचीच सुटका झाली. आपल्या कर्नलचा जन्म नेमका या सुवर्णकाळातला, पण ब्रॅडफर्ड मोठं गाव. त्याचे वडील फ्रिझिंगहॉलचे सॅम्युएल साइक्स, इथवर पक्कं आहे. सॅम्युएलचा बाप जोडायचा बाकी आहे, आणि वह्यांत सॅम्युएल नावाचे उमेदवार एकापेक्षा जास्त आहेत.

एक सूचना, विशेषतः 1752 च्या आधीच्या वह्या बघणाऱ्यांना. तेव्हा वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे वहीतला फेब्रुवारी 1740 हा आपल्या हिशोबाने 1741 चा. तक्त्यात '1740/41' असंच लिहा, नाहीतर लग्नाआधी बाप्तिस्मा झालेली मुलं निघतात आणि उगाच कुणाच्या तरी पणजीवर संशय येतो.

आणि हो, 'साइक्स-पिको करारवाला (पहिल्या महायुद्धात ब्रिटन-फ्रान्सने मध्यपूर्वेची वाटणी ठरवली तो) तोच का?' हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. मार्क साइक्स स्लेडमिअरच्या शाखेचा, म्हणजे पूर्व यॉर्कशायरचा. 1919 मध्ये पॅरिसला स्पॅनिश फ्लूने गेला. शिशाच्या पेटीत पुरलं होतं म्हणून 2008 मध्ये विषाणूच्या शोधासाठी ती उघडली. किस्सा झकास आहे, पण ती शाखा माझ्या खोऱ्यातल्या मंडळींना जोडणारा पुरावा हाती येईपर्यंत तिचा तक्ता वेगळाच ठेवलाय.

पुढचं काम मृत्युपत्रांचं. यॉर्कच्या धर्मपीठाकडची मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. सॅम्युएल नावाच्या उमेदवारांच्या बापांपैकी ज्यांनी मृत्युपत्र केलं, त्यांच्या प्रती आधी मागवणार. मुलांची नावं वाटणीसकट तिथेच मिळतील.