फॅन बेल्टची किंचाळी आणि झिजलेली पुली : माझा अनुभव

थंड इंजिनला सेल्फ मारला की बेल्ट असा किंचाळायचा की आजूबाजूची माणसं वळून बघायची. काही मिनिटांनी आवाज आपोआप बसायचा. हेडलाइट लावून रेस दिली की पुन्हा सुरू. ट्रक जुना, डिझेल इंजिन, पुढे जोडीचे दोन व्ही-बेल्ट. रेडिएटरचा पंखा, वॉटर पंप आणि अल्टरनेटर, तिन्ही त्याच जोडीवर. आधीच्या मेकॅनिकचा उपाय दर वेळी एकच होता, बेल्ट आणखी ताणायचा. थोडे दिवस शांतता, मग परत तेच.

आवाज कधी येतो, यावरच बरंच काही कळतं. सेल्फ मारताना बॅटरीतून भरपूर करंट खेचला जातो. इंजिन सुरू होताच अल्टरनेटर ती तूट भरायला लागतो आणि त्यामुळे फिरायला जड होतो. नेमकी त्याच वेळी पकड कमी पडली, तर बेल्ट पुलीवर घसरतो आणि किंचाळतो. बॅटरी भरत आली की भार उतरतो, आवाज थांबतो. पण तो थांबला म्हणून दुरुस्ती झाली, असं समजून गाडी पळवणं मला पटत नाही. घसरणारा बेल्ट पंखा आणि वॉटर पंपही नीट फिरवत नाही, आणि चढावर इंजिन तापायला तेवढं पुरतं.

आधी पाण्याची परीक्षा केली. इंजिन आयडलिंगवर, हात आणि कपडे पंख्यापासून लांब, आणि बाटलीतून बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी. पाणी पडताच चिवचिव थांबली तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त, आणि आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय. माझा वाढला. गंमत म्हणजे बेल्ट तर तारेसारखे ताणलेले होते, अंगठ्याने दाबले तरी जेमतेम हलत होते. इतका ताण असूनही घसरतात, म्हणजे दोष ताणात नव्हता.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो आत ढकलला आणि बेल्ट हाताने उतरवले. टॉमीने (लोखंडी दांड्याने) पुलीच्या कडेवरून ओढून काढायचे नाहीत. आतले दोरे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. दोन्ही बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत, चकचकीत झाल्या होत्या. मग टॉर्चचा उजेड पुलीच्या खाचांमध्ये धरला, आणि खरं कारण तिथे दिसलं. चांगल्या पुलीच्या खाचेचा तळ मळकट, काळपट असतो, कारण बेल्ट तिथे टेकतच नाही. माझ्या अल्टरनेटरच्या पुलीचा तळ आरशासारखा चमकत होता, आणि खाचेच्या भिंती मधे खोलगट झाल्या होत्या.

व्ही-बेल्टची सगळी पकड त्याच्या दोन तिरक्या कडांत असते. ओढ बसली की तो पाचरीसारखा खाचेत रुततो आणि भिंतींना आवळतो. भिंती झिजल्या की बेल्ट खाली जाऊन तळाला टेकतो, पाचर बसत नाही, आणि मग कितीही ताणा, तो घसरणारच. जादा ताण जातो तो थेट बेअरिंगवर. इथेही गेला होता. बेल्ट काढल्यावर वॉटर पंपाची पुली हाताने हलवली तर खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागत होता, आणि पंपाखालच्या बारीक भोकापासून कूलंटचा सुकलेला ओघळ उतरला होता. तो पंपही बदलावा लागला. बेल्टच्या आवाजापायी पंप जावा, याचं मला खरंच वाईट वाटलं.

अल्टरनेटरला नवी पुली बसवली. बाकीच्या खाचा तारेच्या ब्रशने घासून, तेलाचा अंश राहणार नाही अशा पुसल्या. सरळ काठाची लोखंडी पट्टी पुल्यांच्या तोंडावर धरून त्या एका रेषेत आहेत ना, ते पाहिलं. बेल्ट दोन्ही नवे घेतले, एकाच मापाची जोडी. एक नवा आणि एक जुना टाकला तर जुना लांबलेला असतो आणि सगळा भार नव्यावर येतो. बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे वापरला नाही. त्याने आवाज दबतो, पण धूळ चिकटते आणि दोष तसाच राहतो.

ताणासाठी इंजिनच्या पुस्तकातला आकडा धरावा. माझ्या इंजिनला दोन पुल्यांमधल्या बेल्टच्या सर्वांत लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर बेल्ट साधारण 10 ते 15 मिमी आत गेला की ताण बरोबर. नवे बेल्ट खाचेत बसता बसता थोडे सैल पडतात. म्हणून लाइट लावून अर्धा तास इंजिन चालवलं, बंद करून थंड होऊ दिलं आणि ताण पुन्हा मोजला. अपेक्षेप्रमाणे उतरला होता. अल्टरनेटर किंचित बाहेर ओढून बोल्ट पक्के केले.

सकाळी थंड इंजिनला सेल्फ मारून लगेच हेडलाइट लावले, रेस दिली. फक्त इंजिनचा आवाज. जुन्या जोडीतला एकही बेल्ट स्पेअर म्हणून ठेवला नाही. त्याच मापाची दुसरी नवी जोडी केबिनमध्ये ठेवली आहे, ऊन आणि तेल लागणार नाही अशी.